सखूकाकूंच्या साबणावर झाली मळणी

मंडळी, आज ज्वारीची मळणी चालू असतानाच आमच्या जुन्या ट्रॅक्टरची डिझेल टाकी गळायला लागली. आभाळ भरून आलेलं. वैरागला जाऊन वेल्डिंग करायला वेळच नव्हता.

वडिलांची युक्ती आठवली. गळतीवर धुण्याचा साबण घासायचा. पण रानात साबण कुठला?

शेजारच्या विहिरीवर सखूकाकू धुणं धूत होत्या. त्यांनी हातातली वडीच दिली.

"काकू, तुमचं धुणं?"

"कापडं उद्या बी धुता येत्यात की. ज्वारी भिजली म्हंजी?"

गळती थांबली. शेवटचं पोतं घरात आलं आणि पाऊस कोसळला.

संध्याकाळी नवी वडी द्यायला गेलो, तर हसल्या. "ट्रॅक्टरातच ठेव. त्यो काय सुधरायचा न्हाय."

वडी आता टूलबॉक्समध्ये पान्यांशेजारी आहे. तुमच्या टूलबॉक्समध्ये कुणाचं काय आहे?