गमत नाही

"मी का डब्बा आहो, जे आलं ते भराले?"

सत्यभामाबाईंच्या तोंडी हे वाक्य असं बसलं होतं की शाळेतली पोरं मधल्या सुटीत त्यांची नक्कल करताना हेच म्हणायची. जनगणना आली की बाई हे म्हणत. मतदार याद्या आल्या की म्हणत. वृक्षारोपणाचे फोटो मागवले गेले, तेव्हा म्हणाल्या. आणि समुपदेशकाचं काम गळ्यात पडलं त्या दिवशी तर दोनदा म्हणाल्या, एकदा मोठ्याने आणि एकदा स्वतःशी.

ते काम पडलं तेही असं. बाई मूळच्या आसगावच्या. पवनी तालुक्यातल्याच एका गावच्या शाळेत त्या भूगोल शिकवत. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला एक दिवस रजा घेतली, आणि नेमक्या त्याच दिवशी शाळेत बैठक झाली. प्रत्येक शाळेने एक समुपदेशक नेमावा असं वरून आलं होतं. बैठकीत जे हजर होते त्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं, आणि जी हजर नव्हती तिचं नाव लिहिलं गेलं.

"बाई, तुमचा स्वभाव शांत आहे," मुख्याध्यापक वासुदेव सर दुसऱ्या दिवशी म्हणाले.

"कोनं सांगतलं तुमाले?" बाई म्हणाल्या. "माह्या घरी विचारून पाहा एकदा."

पण खरं सांगायचं तर हे काम बाई कागदावर येण्याआधीपासूनच करत होत्या. फक्त त्याला नाव नव्हतं. शाळेच्या मागे खिचडीची खोली, तिच्यापुढे जांभळाचं झाड, झाडाखाली तांदूळ निवडायची जागा. खिचडी करणाऱ्या ललिताबाई सूप भरून तांदूळ पुढे ठेवायच्या आणि सत्यभामाबाई मधल्या सुटीत तिथे खडे वेचायला बसायच्या. ज्या पोराचं काही बिनसलेलं असे ते आपणहून येऊन शेजारी बसायचं आणि खडे वेचू लागायचं. बाई काही विचारत नसत. डोळे सुपात, बोटं तांदळात. मग हळूहळू पोराच्या तोंडून गोष्ट निघायची, जशी बांधाला भोक पडल्यावर शेतातलं पाणी निघतं, आधी थेंबथेंब, मग धार.

प्रशिक्षण सुरू झालं आणि हे बसणं बंद पडलं.

प्रशिक्षण एका मोठ्या संस्थेचं होतं, मोबाईलवरून, आणि तेही नेमकं मधल्या सुटीत. शिकवणाऱ्या रिता मॅडम पुण्याहून बोलायच्या. आवाज गोड, केस नीट कापलेले, मागे पुस्तकांचं कपाट. पहिलं सत्र 'ऐकण्याचं कौशल्य', दुसरं 'सक्रिय ऐकणं', तिसरं 'सक्रिय ऐकण्यातले अडथळे'. विद्यार्थ्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला, असं मॅडम सांगायच्या. पण बाईंना माहीत होतं, या भागातलं पोरगं डोळ्यांत डोळे घातले की एक तर हसतं, नाही तर पळतं.

नेटवर्क फक्त कार्यालयाच्या खिडकीत यायचं. म्हणून बाई खिडकीला मोबाईल टेकवून उभ्या, आणि खिडकीतून त्यांना जांभळाचं झाड दिसायचं. झाडाखाली सूप घेऊन एकटी बसलेली पोरगीही दिसायची.

ती रुपा. रुपा कटरे, नववीतली. नाकाडोंगरीच्या पलीकडे जंगलाला लागून एक टोली, म्हणजे लहानशी वस्ती आहे, तिथली. टोलीवरून हायस्कूलची वाट जंगलातून जाते, म्हणून तिच्या थोरल्या बहिणीची शाळा आठवीनंतरच सुटली. रुपाची सुटू नये म्हणून बापाने तिला जूनमध्ये इकडे, आपल्या बहिणीकडे आणून ठेवलं. आत्याचे यजमान तुलाराम रहांगडाले इथल्या राईस मिलमध्ये मशीनवर होते. माणूस वाईट नव्हता, पण अवघडलेला होता. दुसऱ्याची पोरगी आपल्या घरी वाळत चालली, की कोणीही अवघडेलच.

आणि रुपा वाळत चालली होती. दिवाळीनंतर धान कापून झाले, शेताशेतांत पेंढ्यांचे पुंजणे उभे राहिले, रिकाम्या झालेल्या बांध्यांत लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवं झालं, आणि ही पोरगी दिवसागणिक पिवळी पडत गेली. जेवण अर्धं. बोलणं त्याहून कमी. एकदा जिन्यात बाईंनी तिला अडवलं.

"काहून व रुपा, बरी नाही का?"

रुपा पायऱ्यांकडे पाहत म्हणाली, "मॅडम, मले गमत नाही."

"काहून गमत नाही?"

रुपाने तोंड उघडलं. तेवढ्यात कार्यालयातून वासुदेव सरांची हाक आली, "बाई, लिंक आली! हजेरी लागून राहिली!"

"थांब हं, आलीच मी," बाई म्हणाल्या आणि धावल्या. परत आल्या तेव्हा तास सुरू झाला होता. असं एकदा नाही, तीनदा झालं. ऐकायचं कसं ते शिकता शिकता बाईंचं ऐकणंच राहून जात होतं. त्यांचा जीव असा चिडायचा की खडू हातात मोडायचा.

एका सत्रात रिता मॅडम म्हणाल्या, "आज तुमच्या शाळेतली एखादी केस सांगा बरं. कोण सांगेल?"

बाईंनी ताबडतोब हात वर केला. जिल्ह्यातून एखादा जाणता समुपदेशक शाळेवर पाठवायची सोय या प्रशिक्षणात होती, ते त्यांनी ऐकलं होतं.

"मॅडम, माझ्याकडे नववीची एक मुलगी आहे. तिले गमत नाही."

"गंमत नाही," मॅडमनी मान डोलावली. "फार छान मुद्दा मांडलात, ताई. म्हणजे शाळेत आनंद वाटत नाही."

"गंमत नाही, मॅडम. गमत नाही."

"हो, तेच म्हणतेय मी. गंमत नाही."

"अहो, गंमत नाही असं नाही, गमत नाही!"

मोबाईलच्या चौकटीतले पन्नासेक शिक्षक हसले की नाही ते दिसलं नाही, कारण चित्र थिजलं होतं. आता ज्याला तिकडे करमत नाही म्हणतात त्याला आमच्याकडे गमत नाही म्हणतात, एवढंच सांगायचं होतं. शब्द लहान, पण आमच्याकडे तो अख्खं घर रिकामं करतो. सासरी गेलेल्या पोरीला गमत नाही. बैलजोडीतला एक मेला की दुसऱ्याला गमत नाही. बाईंनी तोंड उघडलं तोवर मॅडमचा आवाज आला, "पार्श्वभूमीचा आवाज येतोय, मी सगळ्यांना म्यूट करते हं."

पुढच्याच आठवड्यात शाळेत खोकं आलं. वर रंगीत अक्षरं होती, 'गंमत पेटी'. आत सापशिडी, रबरी चेंडू, सिंहाची हातात घालायची बाहुली आणि बाहुलीसोबत सूचना: मुलीसोबत खेळतानाचा फोटो पाठवावा.

सत्यभामाबाईंनी सिंह हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत डोळे घातले.

"मी का डब्बा आहो," त्या त्याला म्हणाल्या, "जे आलं ते भराले?"

वासुदेव सरांनी हसू दाबलं. "बाई, फोटो काढून टाका. मोकळं व्हा."

"मी मोकळी होईन, सर. पोरगी होईन का?"

तेवढ्यात दारात तुलाराम उभे राहिले. मिलचा भुसा अंगावर तसाच, मागे रुपा.

"नमस्कार गुरुजी. हिचा दाखला पाह्यजे."

"कायले?" बाईंनीच विचारलं.

"कायले म्हणजे! जेवत नाही, बोलत नाही. घरात तोंड लटकवून बसते. उद्या हिले काही झालं त मी हिच्या बापाले का तोंड दाखवू? घरी नेऊन सोडतो, तिची माय पाहीन." आणि मग जरा खालच्या आवाजात, "शिकली तेवढी बस."

सगळ्यांना कळत होतं, दाखला निघाला की रुपाची शाळा संपली. टोलीवर परतलेली पोरगी जंगलातून कोणत्या शाळेत जाणार? रुपाने दप्तराचा पट्टा बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली.

त्याच क्षणी मोबाईल वाजला. सत्र सुरू होत होतं. आजचा विषय होता 'संकटातील विद्यार्थी', आणि कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं होतं.

सत्यभामाबाईंनी एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा रुपाकडे. मग त्यांनी मोबाईल खिडकीत टेकवला, समोरच्या खुर्चीवर गंमत पेटी ठेवली, पेटीवर सिंह बसवला आणि कॅमेरा चालू केला.

"बाई!" वासुदेव सर म्हणाले.

"हजेरी लागते ना? लागू द्या. दाखल्याले हात लावू नका, सर, मी आल्याबिगर." मग तुलारामांकडे वळून, "चाला जी तुमी बी. तांदूळ निवडाचे आहेत."

"मी तांदूळ निवडाले आलो का, मॅडम?"

"मिलमधून येऊन राहिले ना? तुमच्याच मिलचे खडे आहेत त्याच्यात. चाला."

ललिताबाईंनी काही न विचारता सूप भरून ठेवलं. तिघं जांभळाखाली बसली. तुलाराम आधी नुसतेच बसले, मग हात रिकामे ठेवायची सवय नसल्यामुळे तेही खडे वेचू लागले. तांदळाचा सरसर आवाज तेवढा होत राहिला.

बऱ्याच वेळाने बाई सुपाकडेच पाहत म्हणाल्या, "कोनाबिगर गमत नाही, रुपा?"

हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी जिन्यात विचारायला हवा होता. आमच्याकडे 'काहून गमत नाही' असं विचारलं तर माणूस नुसती मान हलवतो. 'कोनाबिगर' विचारलं की बोलतो.

"मायबिगर त गमतेच," रुपा चाचरत म्हणाली. "सुट्टीत भेटते ते. पण..." आणि थांबली. "मले सांगता येत नाही, मॅडम. हसतात."

"कोन हसते?"

"सारे. सेसे म्हणतात मले."

आता बाईंच्या ध्यानात आलं. रुपाच्या घरची बोली पोवारी. आपण 'आहे' म्हणतो तिथे पोवारीत 'से' येतं. नवीन आली तेव्हा पोरगी वर्गात एकदोनदा तसं बोलून गेली असणार, आणि पोरांनी नाव पाडलं असणार. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचं, मग बोलायचं. एवढं तपासून बोलायचं तर माणूस बोलेल कशाला? बाईंना त्या थिजलेल्या चौकटीत 'गमत, गमत' म्हणून आपण ओरडल्याचं आठवलं. आपल्याला एकदाच म्यूट केलं तर एवढा राग. ही पोरगी जूनपासून म्यूट आहे.

"तुह्या बोलीत सांग," बाई म्हणाल्या. "मले पुरं समजन नाही. चालते. मी आईकते."

रुपाने फुफाजींकडे, म्हणजे तुलारामांकडे पाहिलं, मग सुपाकडे. आणि बोलू लागली. आधी एक शब्द, मग दोन, मग अशी धार लागली की खडे वेचणारी बोटं थांबली. बाईंना अर्धंच कळलं. आई, गोठा, संध्याकाळ, आत्या, टीव्ही, एवढे शब्द ओळखीचे वाटले. बाकीचं नुसतं ऐकलं. पण तुलारामांना सगळं कळत होतं: संध्याकाळी गोठ्यात आईशी ती जी बोली बोलायची, ती इथे तिच्याशी कोणीच बोलत नव्हतं, टीव्हीपुढे बसलेली आत्याही नाही. त्यांची मान खाली गेली. या गावी येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती; मिलमधले लोक सुरुवातीला त्यांनाही हसत. मग त्यांनी बाहेर ती बोली सोडली, पुढे घरातही सोडली, आणि बायकोलाही सोडायला लावली. रुपा आली त्या दिवशीच त्यांनी घरात बजावलं होतं, इथे नीट बोलायचं.

पोरीचं बोलणं संपलं. तुलारामांनी एक खडा उचलला, बोटांत फिरवला, टाकायला विसरले.

"का भयो, बेटी," ते पोवारीत म्हणाले. आवाज घोगरा होता, कितीतरी वर्षं न उघडलेल्या दाराच्या कडीसारखा. "पयले काऊन नाही सांगीस?"

रुपा रडली. पण रडताना ती फुफाजींकडे सरकली, एवढं बाईंनी पाहिलं.

"दाखला?" बाईंनी हळूच विचारलं.

"राहू द्या आज," तुलाराम म्हणाले. मग कपाळाला हात लावून, "पण घरी तिची आत्या आहे, मॅडम. तिले मीच बंद केलं बोलनं. आता मीच कसा सांगू, बोल म्हणून? हसन ते मले."

"हसू द्या. तेवढी तरी गंमत होईन घरात." बाई पदर झटकून उठल्या. "चाला, मी येते सांगाले. आन् रुपा, उद्या पयल्या तासाले मी वर्गात येते. सेसे कोन म्हणते ते पाहते जरा. भूगोलाच्या पुस्तकात लिहिलं नाही, पण कोनाची बोली कुठं बोलतात ते बी भूगोलच आहे."

वासुदेव सर कार्यालयाच्या खिडकीतून डोकावत होते, हातात मोबाईल.

"बाई, त्या पुण्याच्या मॅडम विचारून राहिल्या. तुमी काही बोलून नाही राहिल्या म्हणतात."

"सिंहाले विचारा," बाई म्हणाल्या. "त्याचं ट्रेनिंग पुरं होऊ द्या."

आणि त्या निघाल्या. तळ्याच्या उंच पाळीवरून तिघं जात होती, पुढे तुलाराम, मागे रुपा, आणि मध्ये सत्यभामाबाई, उन्हाने पदर डोक्यावर घेतलेला. खाली बांध्यांत लाखोरी वाऱ्याने हलत होती. मध्येच रुपा काहीतरी बोलली आणि तुलारामांनी मागे वळून काहीतरी उत्तर दिलं. बाईंना ते समजलं नसावं, कारण त्यांनी मान वळवून दोघांकडे पाहिलं आणि हात हवेत उडवला.

ललिताबाई सूप मांडीवर घेऊन पाहत राहिल्या. वासुदेव सर खिडकीतून पाहत राहिले. मोबाईलमधून रिता मॅडमचा आवाज आला, "सत्यभामाताई, तुम्ही ऐकताय ना?" सरांनी मोबाईल पाळीकडे वळवला, पण तोवर पाळीवरची माणसं वळणाआड गेली होती.