आत दुमडलेल्या कडा

सुमन गेल्याचं तिच्या भावाचं पोस्टकार्ड सावनेरहून आलं, तेव्हा मी ड्यूटीची जुनी पांढरी साडी फाडून तिची फडकी करत होते. पाच आठवडे झाले... तिच्याबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागणार, म्हणून टाळत होते.

नागपूरच्या आमच्या रुग्णालयात सर्जिकल वॉर्डाची मी इन्चार्ज सिस्टर आणि सुमन स्टाफ नर्स. साठ-सत्तर सालच्या त्या वर्षांत गॉजचे तागे यायचे. ते कापून, घड्या घालून डब्यांत भरणं आमच्याच हातांचं काम. सुमनची ड्यूटी दोनला संपायची, तरी ती चारपर्यंत टेबलाशी असायची. कुणी सांगितलेलं नसे. "कडा आत घ्या वं पोरींनो, धागा जखमेत राहते," असं नव्या मुलींना शिकवायची. "सिस्टरनं तुमचं लग्न वॉर्डाशीच लावून दिलं," म्हणून मुली तिला चिडवत. ती हसायची. ते हसणं माझ्या सोयीचं होतं.

तिची आई अर्धांगानं पडली, तेव्हा तिनं सावनेरच्या दवाखान्यात बदली मागितली. अर्जावर मी शेरा लिहिला, 'कर्मचारी या वॉर्डात समाधानी आहे. बदलीची निकड नाही.' खरं तर तिच्याशिवाय माझा वॉर्ड चालला नसता. अर्ज नामंजूर होऊन परत आला. ती दर रविवारी बसनं आईकडे जायची आणि सोमवारी पुन्हा चारपर्यंत थांबायची. अशी तीन वर्षं गेली. आई गेली ती मंगळवारी. सुमन तेव्हा माझ्यासमोर गॉज कापत होती. त्यानंतरही कितीतरी वर्षं आम्ही त्याच टेबलाशी समोरासमोर बसलो. मी बोलले नाही. तिला शेरा ठाऊक नाही, असंच धरून चालले.

यंदा दिवाळीआधी सावनेरला तिला भेटायला गेले, तर ती अंथरुणाला खिळलेली. बोलता बोलता म्हणाली, "सिस्टर, मी समाधानी आहो असं लिहिलं होतं तुम्ही. क्लार्कनं मले तेव्हाच दाखवलं."

"मग काहून थांबत होतीस वं?"

"पेशंटचं काय चुकलं होतं त्याच्यात?" मग म्हणाली, "एक खेप मले विचारायचं होतं तुम्ही... बस."

मी माफी मागायची, तर तिची चादर सारखी करत बसले.

त्या दिवशी पोस्टकार्ड वाचून मी फडकी पुन्हा हातात घेतली. पुसायच्या फडक्यांच्याही कडा मी आतच घेतल्या होत्या. एकाची कड मुद्दाम बाहेर ठेवून घडी घातली. मिनिटभर पाहिलं. मग हातांनी ती आपसूक उकलली आणि कड आत घेतली.