काकांच्या छातीचा फोटो

आम्ही कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट सोडून नेवाडातल्या या खाणीच्या गावी आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारचे म्हातारे गृहस्थ झाकलेली ताटली घेऊन दारात उभे राहिले. "गरम आहे तोवर खा," म्हणाले. आत आमच्या करंजीच्या चौपट, मांस-बटाटा भरलेली करंजी होती आणि कडेला माझ्या आईलाही जमली नसती अशी मुरड. माझी लेक त्यांना काका म्हणू लागली आणि तेही ओ देऊ लागले.

काका इंग्लंडच्या पार टोकाचे, कॉर्नवॉलचे. बाप, आजा, सगळे कथलाच्या खाणीत. ती खाण बंद पडली तेव्हा काका चाळिशीला आले होते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या गल्लीतला, शाळेपासूनचा मित्र इकडे सोन्याच्या खाणीत सुपरवायझर झाला होता. 'तू ये, तुझी काळजी मी घेतो,' असं त्याने पत्रात लिहिलं आणि काका आले. पुढे वीस वर्षं जमिनीखाली ड्रिल चालवलं. मित्र दर रविवारी दुपारी पत्ते खेळायला यायचा. दोघं भांडायचे, गायचे. मला हेवा वाटायचा. माझं इतकं जुनं माणूस नागपूर सोडल्यापासून कधी माझ्या दारात आलं नव्हतं. शिवाय तो आमच्याही अडीअडचणीला धावायचा. लेकीला ताप भरला तेव्हा बर्फातून त्यानेच आम्हाला दवाखान्यात पोचवलं होतं.

मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट, लोकांचा श्वास तपासणं हेच माझं काम. रिटायर झाल्यावर काका कुंपणापाशी बोलताना वाक्याच्या मध्येच थांबू लागले, ते मला लगेच खटकलं.

"सिगरेट ओढायचात?"

"आयुष्यात नाही."

"कंपनीत छातीचा फोटो काढायचे?"

"दर वर्षी. आणि दर वर्षी क्लीन."

मी त्यांना मोठ्या शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. सिलिकोसिस निघाला. दगडाची धूळ बसून फुफ्फुसं निबर झाली होती. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागवायला सांगितले. दोन महिन्यांनी जाड पाकीट आलं.

"तूच वाच, पोरी," काका म्हणाले.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एकेक कागद वाचत गेले. सुरुवातीची वर्षं खरंच स्वच्छ होती. मग रिटायरमेंटच्या अकरा वर्षं आधीचा कागद आला. दोन्ही फुफ्फुसांत बारीक गाठी. धुळीच्या कामावरून हलवावं. कामगाराला कळवावं. त्याखाली 'कळवलं' असं लिहून सही केलेली.

मी पुढचं पान उलटेना तसा त्यांनी कागद ओढून घेतला. मजकूर वाचायच्या आधीच त्यांनी सही ओळखली. ती त्यांच्या मित्राची होती.

रविवारी मी थांबावं, असं त्यांनीच सांगितलं. मित्र नेहमीसारखा आला, टोपी काढून बसला. काकांनी पत्त्यांऐवजी तो कागद पुढे सरकवला.

"हे मला कधी कळवलंस?"

त्याने कागद वाचून परत टेबलावर ठेवला. "तुला खालच्या कामावरून काढलं असतं, तर वर दुसरं काम नव्हतं. परत जावं लागलं असतं. तिकडे कोण होतं तुझं?"

"ते मी ठरवलं असतं."

"माणसं मिळत नव्हती. वरून दबाव होता."

"त्याच वर्षी तू ऑफिसात बदली घेतलीस. पाठ दुखते म्हणालास."

मित्राने टोपी उचलून हातात घेतली.

"तुझ्या फोटोत काय होतं?"

"थोडंसं," तो म्हणाला. "सुरुवात होती."

"म्हणजे स्वतःला कळवलंस." काकांचा आवाज चढला नाही. चढवायला श्वासच नव्हता. "जा आता."

पुढचे काही रविवार त्याची गाडी काकांच्या घरासमोर येऊन उभी राहायची. काका पडदा ओढून घ्यायचे. मग गाडी यायची थांबली. वकील गाठू या, असं मी एकदा म्हटलं, तर ऑक्सिजनची नळी सारखी करत ते म्हणाले, "कंपनीला मी कधी आपलं मानलंच नव्हतं. तिच्यावर कशाला चिडू?"

वर्षभराने, फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते हॉस्पिटलात वारले. पुन्हा जमिनीखाली नको, एवढंच त्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून दहन केलं.

चर्चमधल्या प्रार्थनेला मित्र आला, मागच्या बाकावर बसला. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आला. चेहरा पार उतरलेला.

"शेवटी माझं नाव काढलं का त्याने?"

काढलं होतं. शेवटचे दोन दिवस काका भ्रमात त्यालाच हाका मारत होते. शिफ्ट संपली, चल वर, म्हणत होते. मी आणि लेक, दोघी तिथेच होतो.

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि गाडीकडे गेला.

"आई, यू लाइड," शेजारी उभी असलेली लेक म्हणाली.

"हो," मी म्हटलं.