कुंकू लावलेला ठोकळा

रेवतीअक्का गेल्याचं मला हॉस्पिटलच्या चेअरमननी कळवलं. मी मंडी मोहल्ल्याच्या बाजारात आलं-लिंबू निवडत होते. कामावरच तिच्या छातीत कळ आली आणि संपलं... "फार मोठी पोकळी निर्माण झाली," ते म्हणाले. अक्का जिवंत होती तेव्हा याच माणसानं तिला केबिनबाहेर ताटकळत ठेवलं, तेव्हा पोकळी दिसली नव्हती. मेल्या म्हशीला मणभर दूध! अक्का स्वतः हेच म्हणाली असती.

ती माझी मोठी चुलतबहीण. तिचं काम रेडिएशन मोजण्याचं. स्तनांचा एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, काढणारं मशीन तिच्या ताब्यात होतं. सकाळी बाईच्या जागी ती अॅक्रिलिकचा एक ठोकळा ठेवायची, त्याचा फोटो काढायची, किरण किती गेले ते मोजायची आणि ठोकळ्यात पुरलेले बारीक कण चित्रात दिसतात का ते पाहायची. मगच पहिली बाई आत. स्वभावानं गोड वगैरे ती मुळीच नव्हती. मूर्खपणा दिसला की तिची जीभ सुटायची, आणि आमच्या मैसूरमध्ये तो मुबलक आहे.

दसऱ्याच्या आयुधपूजेला इथं कात्रीपासून बसपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं. अक्का म्हणायची, मशीनला हवा तेवढा हार घाला, ठोकळ्याला आणि छाती दाबायच्या प्लेटला बोट लावू नका. एका वर्षी कुणा भक्तानं लावलंच. दुसऱ्या दिवशी चित्रात पांढरे ठिपके! छातीत असे ठिपके दिसले की डॉक्टर दचकतात आणि बाईला पुन्हा बोलावतात. "देवीला किरण लागत नाहीत कणो बाबा, बायकांना लागतात," ती त्या भक्तावर ओरडली, आणि दिवसभर प्लेट पुसत बसली.

पण तिचं खरं भांडण होतं ते दारावरच्या बोर्डाशी. 'वेदनारहित तपासणी.' या तपासणीत छाती प्लेटखाली घट्ट दाबावी लागते, थोडं दुखतं. दाबली की ती पातळ होते, कमी किरणांत भागतं आणि चित्र स्वच्छ येतं. चेअरमनना ते कुठलं पटायला! मोठ्या घरच्या बाईनं "अय्यो" म्हटलं की प्लेट सैल करायची, असा त्यांचा हुकूम. सैल केली की मशीन जास्त किरण सोडणार, चित्र धूसर येणार, मग पुन्हा काढणार. येलवालसारख्या खेड्यातून बसनं येणाऱ्या बायका मात्र नीट दाबल्या जायच्या. "मोठ्या घरच्यांना प्रसाद डबल, अल्वा, नाही का?" अक्का खदखदून हसायची. आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणायची, "किरण थोडेच असतात ग, त्यानं कुणी मरत नाही. म्हणून काय उधळायचे?"

चेअरमन आपल्याच मराठी मंडळींपैकी. एकदा ते माझ्यादेखत तिला म्हणाले, "मॅडम, पेशंट हसत बाहेर पडला पाहिजे, नोडि, बघा."

"मग सर्कस काढा," अक्का म्हणाली.

बोर्ड राहिला. त्याच्याखाली ती राहिली, रोज कुणाकुणाशी भांडत.

शोकसभेत भाषणांवर भाषणं झाली. तिला 'मृदुभाषी' म्हणणारा एक महाभागही निघाला. तिच्या फोटोपुढे तोच ठोकळा मांडला होता, वर झेंडू आणि बोटभर कुंकू. शेवटी चेअरमननी जाहीर केलं, दरवर्षी 'रेवतीताई स्मृती वेदनारहित तपासणी शिबिर' होणार. टाळ्या वाजल्या. माझ्या अंगाची लाही झाली. आयुष्यभर ती ज्याच्याशी भांडली, त्यालाच हे तिचं नाव डकवणार होते! मी उठले, ठोकळा उचलला आणि पदरानं कुंकू पुसायला लागले.

"अहो ताई, श्रद्धेनं लावलंय..." चेअरमन म्हणाले.

"तिचं नाव हवं तर बोर्ड काढा. बोर्ड हवा तर नाव काढा," मी म्हणाले.

त्यांनी नाव काढलं. बोर्ड आहे. छान झालं; अक्काची त्या शिबिरातून सुटका झाली.

सभा संपल्यावर शोभा माझ्याजवळ आली. अक्काच्या हाताखाली तयार झालेली, आता मशीन तीच चालवते. तिनं ठोकळा माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, कडेला राहिलेलं कुंकू नखानं काढलं.

"बोर्ड साहेबांचा आहे अक्का, असू दे तो. प्लेट माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी आधी हा ठेवते. मग बायका."

मला अक्का म्हणणारं आजवर कुणी नव्हतं. मी हिनकलला घरी येईपर्यंत रडत होते.

पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. शोभाला सांगून ठेवलंय, गट्टी दाब, चांगली घट्ट. मी अय्यो म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नकोस.