पी रोथांगीचा धाकटा वर्ग

मिझोराममधल्या त्या डोंगरमाथ्यावरच्या गावात पी रोथांगी (तिकडे बाईमाणसाला मानानं 'पी' म्हणतात) चौतीस वर्षं चर्चच्या रविवारशाळेत शिकवत होती, आणि एवढ्या वर्षांत तिनं वर्ग काही बदलला नाही. चार ते सहा वर्षांची पोरं, बस्स. पगाराचा प्रश्नच नव्हता; तिथं कुणालाच मिळत नाही. मानाचं म्हणाल तर बायकांच्या मंडळाचं अध्यक्षपद दोनदा चालून आलं आणि तिनं दोन्हीदा नाक मुरडलं. "मोठी माणसं ऐकल्यासारखं करतात," ती म्हणायची. "माझ्या पोरांना ऐकायचं नसलं की सरळ वाकुल्या दाखवतात. बरं पडतं." बाई तशी फटकळच. पोरांची नाकं ती आपल्या नेसलेल्या पुआनच्या टोकानं पुसायची, आणि तेही जरा जोरातच.

अशा बाईच्या हातून चूक झाली.

तिकडे भात टाकण्याआधी घरची बाई मूठभर तांदूळ देवाच्या नावानं बाजूला काढते, आणि चर्चच्या बायका ते दारोदार गोळा करतात. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की एका रविवारी रोथांगीनं सहज विचारलं, "आज कुणाकुणाच्या आईनं मूठ काढली?"

अठरा हात वर गेले. मापुईचा गेला नाही. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती, आणि हे रोथांगीला पक्कं ठाऊक होतं. मातीला ती स्वतः गेली होती. शेजारी बसलेला पोरगा ओरडला, "हिच्या घरी देवाला काहीच काढत नाहीत!" रोथांगीनं त्याला दटावलं आणि घाईघाईनं गाणं सुरू केलं. पुढचे तीन रविवार मापुई आली नाही.

शनिवारी दुपारी रोथांगी तिच्या घराची चढण चढली. मापुईचा बाप बियाका अंगणात आलं निवडत बसला होता. दारूपायी चर्चच्या वडीलजनांनी त्याचं नाव मंडळीतून काढलं होतं. सगळ्यांसमोर उभं राहून चूक कबूल केली की परत घेणार होते. तो काही उभा राहत नव्हता.

"या, पी. माझं नाव काढून झालं, आता पोरीचं काढायला आलात?"

"तोंड आवर. पोरीला का पाठवत नाहीस?"

"मी कुठं अडवलंय? तीच म्हणते, तिथं आई लागते."

रोथांगी उंबऱ्यावरच बसली. ते तिच्या काळजाला लागलं. ती गाणी शिकवत होती, गोष्टी सांगत होती, आणि पोरगी शिकून गेली की देवाच्या घरात आपल्याला जागा नाही. पाचव्या वर्षी शिकलेलं पन्नाशीतही पुसलं जात नाही, हे रोथांगीनं स्वतःच्याच जुन्या पोरांत पाहिलं होतं.

मापुई दाराआडून बघत होती. रोथांगी तिला म्हणाली, "चूक माझी झाली गं."

"झालं मग," बियाका म्हणाला. "मागितलीत ना माफी."

"चूक वर्गासमोर केली, इथं तुझ्या चुलीपाशी सांगून कसं भागेल? उद्या आण तिला."

"आणि ऐनवेळी शब्द फिरवलात तर?"

"दारात उभा राहा अन् बघ."

तो खरंच दारात येऊन उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही. मापुईनं त्याचा सदरा घट्ट धरला होता. रोथांगी पोरांसमोर उभी राहिली.

"मापुईच्या घरी आई नाही हे मला माहीत होतं. तरी मी तसला प्रश्न विचारला. मापुई, मला माफ कर. इथं यायला आई लागत नाही."

"म्हातारी माणसंपण चुकतात?" त्या दिवशी ओरडलेल्या पोरानं विचारलं.

"खूप. बस खाली."

मापुईनं जरा विचार केला. मग सदरा सोडला आणि पहिल्या बाकावर, त्या पोराला ढकलून, आपली जागा केली.

बियाका जागचा हलला नाही. हळूच म्हणाला, "एवढंच म्हणायचं असतं?"

"एवढंच. पण म्हणताना जीव जातो."

तो आणखी काही विचारणार, तेवढ्यात मापुई मागं वळली.

"बाबा, तू जा ना आता. आमचा वर्ग सुरू झालाय."