स्टिअरिंगचा पिवळा दिवा

गेल्या आठवड्यात सांगलीत आमच्या गॅरेजसमोर एक बुटकी, लाल, परदेशी स्पोर्ट्स कार येऊन थांबली... तेव्हापासून माझी पाठ धरलीय, ती अजून सुटलेली नाही. सगळं गॅरेज फोटो काढायला धावलं. मी मनात म्हटलं, आली बला.

या गाड्यांचं मला आता कौतुक उरलेलं नाही. वायरिंगचा नकाशा मिळत नाही, पार्ट मिळत नाही. एखादी क्लिप तुटली की मालकाआधी आपलाच जीव जातो.

मालक सुखदेव, कवठे महांकाळकडचा. दक्षिणेत त्याचं गलाईचं दुकान आहे, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. गावच्या बिरोबाच्या जत्रेला आला होता आणि परत जाताना वडिलांना सोबत न्यायचं ठरलं होतं. आप्पांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं, बायको गेल्यापासून एकटेच राहतात... मुलाच्या घरी जायला पहिल्यांदाच तयार झाले होते.

जत्रा झाली, आप्पा गाडीत बसले, आणि वेशीपाशी पोचेपर्यंत समोर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला. स्टिअरिंग एकदम जड. आप्पा तिथंच उतरले... माझा पायगुण वाईट, मी काही येत नाही, तू जा! गॅरेजपर्यंत आले तेही गावातल्या एकाच्या टेम्पोतून.

"मिस्त्री, तेवढा दिवा घालवा," सुखदेव मला बाजूला घेऊन म्हणाला. "न्हाईतर आप्पा काय येत न्हाई. आणि पुन्हा कवा तयार हुईल, काय सांगावं?"

स्कॅनर लावला. स्टिअरिंग किती फिरलं हे सांगणारा सेन्सर चुकीचं सांगतोय, असा कोड आला. कोड पुसला, दिवा गेला, मीही जरा ताठ झालो... कृष्णेच्या घाटाकडे चक्कर मारायला निघालो तर पहिल्याच उजव्या वळणावर दिवा हजर.

मग बॅटरी बघितली, ठीक. फ्यूज, कनेक्टर, ठीक. अलाइनमेंट करून आणलं, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून सेन्सरला नव्याने शिकवलं. दिवा तसाच.

एका मोठ्या वर्कशॉपमधल्या ओळखीच्याला फोन केला. अख्खा सेट बदला म्हणे, पार्ट बाहेरून मागवावा लागेल. मी फोन ठेवला आणि जुन्या टायरवर जाऊन बसलो... खरं सांगतो, कंटाळा आला होता. डॅशबोर्डखाली उताणं पडायचं वय नाही राहिलं आता.

आप्पा समोर बाकावर बसून होते. गाडी चालू केली की दरवेळी मान लांब करून बघायचे, आणि दिवा दिसला की मान खाली. ते बघवत नव्हतं. म्हणून उठलो, नाहीतर खरंच उठलो नसतो.

बॅटरी सोडवली, एअरबॅग काढली, स्टिअरिंग उतरवलं. आतलं कव्हर उघडलं आणि... हळद! सांगलीत जन्म गेलाय माझा, हळद ओळखायला वेळ लागत नाही. जत्रेतला भंडारा होता.

त्या सेन्सरमध्ये एक छोटी चकती असते. तिच्या फटींतून उजेड आरपार जातो, त्यावरून गाडीला कळतं चाक किती वळलं. त्या फटीच बुजल्या होत्या... गाडी बनवणाऱ्यांनी बर्फाचा विचार केला असेल, पावसाचा केला असेल. बिरोबाच्या भंडाऱ्याचा कोण करणार?

पण हा नुसता उधळलेला भंडारा नव्हता. स्टिअरिंगच्या बुडाशी बोटानं दाबून भरलेला होता. मी आप्पांकडे पाहिलं, ते माझ्या पिवळ्या फडक्याकडे बघत होते.

सगळं ब्रशने साफ केलं, बसवलं, गाडी फिरवून आणली. दिवा गेला. तेवढ्यात सुखदेव जेवून आला. "काय झालं हुतं, मिस्त्री?"

"काही नाही, धूळ होती," मी म्हटलं. म्हाताऱ्याच्या माथी कशाला मारा?

आप्पा ताडकन उठले. "धूळ न्हवं ती! द्येवाचा भंडारा हाय. म्या भरला."

सुखदेवनं गाडीत डोकावून स्टिअरिंग बघितलं.

"मेंढरं घिऊन वाटंला लागताना फुडच्या मेंढ्याच्या शिंगाच्या बुडात भरतू, तसा भरला. म्हटलं लय लांबचा पल्ला हाय, पोरगं सुखानं पोचावं..."

मग त्यांनी मलाच विचारलं, "म्हंजी मिस्त्री, दिवा भंडाऱ्यानं लागला? मी बसलो म्हणून न्हवं?"

"नाही आप्पा. गाडीत पायगुण ओळखणारा सेन्सर नसतो."

म्हातारा असा काही हसला... मी त्यांना वाचवायला खोटं बोललो होतो, आणि त्यांना नेमकं खरं तेच ऐकायचं होतं. मी उगाच पाना शोधत बसलो.

सुखदेव त्यांच्यापुढं वाकला. "आता हितं कपाळाला लाव, आप्पा. स्टिअरिंगला नगं." आप्पांनी कनवटीची पुरचुंडी सोडली, त्याच्या कपाळाला भंडारा लावला. मग माझ्या खांद्यावर हात टेकून त्या बुटक्या गाडीत कसेबसे बसले... म्हणाले, "ह्यापरीस घोंगड्यावर बसल्यालं बरं!"

काल सुखदेवचा मेसेज आला. सुखरूप पोचलेत. आप्पा रोज सकाळी चहाआधी खाली येतात, गाडी चालू करायला लावतात, डोकावून बघतात आणि म्हणतात, "मिस्त्रीला कळीव, दिवा न्हाई."

पाठ दुखतेच आहे. पण आज सकाळी शटर वर करताना माझ्याही तोंडून दुआ निघाली... आप्पांच्या गाडीत आजही दिवा नसू दे.