न तपासलेलं कार्ड

मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. माल न बघता 'ओके' लिहिणाऱ्यांचा मला भारी राग. सिल्वासातल्या आमच्या भाड्याच्या घरात माझा छंद मात्र वेगळाच: जगात मूठभर लोक वापरतात अशा एका ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ड्रायव्हर लिहिणं. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला त्यातलं कार्ड वापरता यावं म्हणून लागणारा प्रोग्रॅम. दुसऱ्या सिस्टीमचा ड्रायव्हर घ्यायचा आणि तो आपल्याकडे चालेल असा बदलत बसायचं. बायको याला रिकामा उद्योग म्हणते, आणि ती फारशी चुकत नाही.

गेल्या वर्षी सहा महिने खपून मी एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर चालवून दाखवला. नेट लागलं त्या आनंदात चहासुद्धा मीच केला. त्याच कार्डाचं पुढचं मॉडेल माझ्याकडे नव्हतं. पण फरक असून असून कितीसा असणार? ड्रायव्हर सगळ्यांसाठी नेटवर ठेवताना मी चालणाऱ्या कार्डांच्या यादीत त्याचाही नंबर घातला आणि पुढे लिहिलं, 'तपासलं आहे'. कोण बघतंय!

बघणारा निघाला. दूरदेशीच्या एका निवृत्त शिक्षकांची मेल आली. गावच्या वाचनालयातला एकुलता एक कॉम्प्युटर ते सांभाळत. माझा ड्रायव्हर टाकल्यापासून कार्ड बंद पडलं होतं, जुनी सिस्टीम परत टाकूनही चालू होईना. 'तुम्ही तपासलंय, म्हणजे माझ्याच हातून काहीतरी बिघडलं,' असं लिहून त्यांनी वर माझीच माफी मागितली होती.

मी कोड उघडला. त्या मॉडेलच्या कार्डावरची कायमची माहितीच माझा ड्रायव्हर पुसून टाकत होता. मी तो नंबर गुपचूप काढला, 'किरकोळ दुरुस्ती' अशी नोंद केली आणि त्यांना कळवलं, 'जुनी कार्डं जातात कधीकधी.' हे लिहायला मला काहीच जड गेलं नाही, आणि त्याचीच आज जास्त लाज वाटते.

दोन दिवसांनी कारखान्यात 'ओके' लिहिलेल्या पेटीत तुटका धागा निघाला. धुळ्याकडच्या एका कामगाराची सही होती. मी सगळ्यांदेखत त्याला जाब विचारला.

"चुकी गयं, साहेब," तो सरळ म्हणाला. "न देखताच लिखी टाकं."

एवढंच तर त्या शिक्षकांना म्हणायचं होतं मला. त्याच्याकडे वर बघायचीही माझी हिंमत झाली नाही. तरी त्याच्या मेमोवर सही केली मीच.

शिक्षकांना खरं अजून लिहिलेलं नाही. कार्ड जुनं झालेलं आणि आपल्याच हातून गेलं, असंच ते समजून आहेत.